पोपटांची राखण

अमेरिकेहून आलो तेव्हापासून जो तो विचारते, काय काय पाहिलं? उंच बिल्डिंगा पाहिल्या का, मोठा धबधबा पाहिला का. मी म्हणतो, पोपट पाहिला. लोकांना वाटते म्हातारं हसवून राहिलं. म्हणून हे लिहून ठेवतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातलंही अर्धं शेतात गेलं. ज्याला शुद्धलेखन येते त्यानं सुधारून वाचावं. मजकूर मात्र सुधारू नये, तो घडला तसाच आहे.

आधी पोपटाचं आणि माझं काय ते सांगतो. पोरवयापासून लग्न होईपर्यंत मी दुसऱ्यांच्या पेरूच्या बागा राखल्या, ज्वारी राखली. वर्धेच्या बाजूला त्या काळी पोपटांचे थवेच्या थवे यायचे. चिमणी दाणा खाते आणि पोट भरलं की जाते. पोपट तसा नाही. एक पेरू धरतो, दोन चोची मारतो, टाकतो, दुसरा धरतो. मालकाचं नुकसान झालं की बोलणी राखणदाराला. माझ्याजवळ गोफण होती, फुटका डबा होता, पण खरं हत्यार म्हणजे गळा. मी मचाणावरून "हाऽऽ हुर्रर्र हाऽऽ" केलं की शेजारच्या तीन वावरांतले पोपट उठायचे आणि तिथल्या राखणदारांचं काम आपोआप व्हायचं. पुढं मी स्वतःचं तीन एकर केलं, पोराला इंजिनियर केलं, पण पोपट दिसला की आजही हात कमरेला गोफण शोधते.

जर्सी सिटी

माझा मुलगा प्रवीण तिथं कॉम्प्युटरच्या नोकरीत. सून सुजाता नागपूरची, प्राणीशास्त्रात एम. एस्सी. झालेली. पण ती नवऱ्याच्या व्हिसावर आली म्हणून तिला तिथं नोकरी करता येत नाही, तसा त्यांचा कायदा. सत्त्याण्णव साली मी त्यांच्याकडं सहा महिन्यांसाठी गेलो. सतराव्या मजल्यावर घर. खिडकीतून नदी, नदीपलीकडं न्यूयॉर्क. खाली उतरावं तर थंडी नाकाला चावते.

प्रवीण सकाळी गाडी धरून जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर घरात सून आणि मी. आमच्या घरचं वळण असं की सासरा आला की सून बसून राहत नाही. तिला हे कोणी शिकवलं नाही, सासूला पाहून ती शिकली. त्यामुळं मी हॉलमध्ये आलो की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि उभी राहायची. मी सोफ्यावर, ती ओट्याजवळ, मधात टीव्ही इंग्रजी बोलून राहिला. दोघांनाही अवघड. पण वळण ते वळण.

एक दिवस जेवताना प्रवीण म्हणाला, "बाबा, सुजाता दोन-तीन महिने पोर्टो रिकोला जाते म्हणते."

"कोणाचं लग्न आहे?"

"लग्न नाही हो. तिथं जंगलात पोपट आहेत. वाइल्ड पॅरट्स. जगात फक्त त्या एका बेटावर. आता त्यांचा अंडी घालायचा सीझन आहे, तर घरट्यांवर लक्ष ठेवायला माणसं लागतात. व्हॉलंटियर म्हणून. सुजाताला सिलेक्ट केलंय."

"पगार?"

"पगार नाही. राहणं-जेवण त्यांचं."

मी घास ताटात ठेवला. शिकली-सवरलेली पोरगी, नवरा सोडून, परमुलखाच्या रानात, फुकट, पोपट राखायला. पोपट! मला काहीतरी वेगळाच वास आला. आजकाल नवरा-बायकोचं बिनसलं तर सरळ सांगत नाहीत, असं एखादं इंग्रजी नाव देतात आणि दोन दिशांना जातात. नाहीतर ही रानातली मंडळीच बनावट असतील. पोरींना असं बोलावून नेतात आणि मग कुठं नेतात कोणाला माहीत.

"मी जातो तिच्यासोबत," मी म्हणालो.

"बाबा, तिथं असे टुरिस्ट नाही जात."

"मी टुरिस्ट नाही, सासरा आहे. जागा पाहीन, माणसं पाहीन. ठीक दिसलं तर राहील. नाही दिसलं तर माझ्यासोबत परत येईल. परतीचं तिकीट दोघांचं काढ."

प्रवीणनं सुजाताकडं पाहिलं. ती दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्हाला आजपर्यंत काही ठीक दिसलंय का?"

माझ्यासमोर असं ती पहिल्यांदा बोलली. माझा संशय आणखी पक्का झाला.

बेटावर

विमान समुद्रावरून गेलं, उतरलं, आणि कोणी पासपोर्ट मागितला नाही. मी बंडीच्या आतल्या खिशातून काढून हातात धरून उभा. सुजाता म्हणाली, "ठेवा तो बाबा. ही अमेरिकाच आहे."

बाहेर आलो तर घाम फुटला. नारळ, आंब्याची झाडं, भाषा स्पॅनिश, भिंतीवर पाली. म्हटलं, ही कसली अमेरिका?

"बेट अमेरिकेचं आहे."

"मग इथले लोक राष्ट्रपतीला मत देतात का?"

"नाही. बेटावर राहतात तोवर नाही देता येत."

"मत नाही आणि म्हणे अमेरिका," मी म्हणालो. मताची किंमत ज्यांच्या बापाला ते नव्हतं त्यांना विचारा. मी पासपोर्ट खिशात ठेवला, पण वरून हात काढला नाही.

घ्यायला कॅम्पची मुख्य बाई आली, मार्ता तिचं नाव. पन्नाशीची, रुंद हाडाची, चिखलानं भरलेले बूट, पुरुषासारखी जीप चालवते. तिनं सुजाताला मिठी मारली, गालाला गाल लावला, आणि मग माझ्याकडं वळली. मी दोन पावलं मागं सरून हात जोडले. "जय भीम." तिनंही लगेच हात जोडले आणि खो खो हसली. पहिल्याच भेटीत एवढं हसणारं माणूस मला चालत नाही.

रस्ता डोंगरावर चढत गेला तसं ऊन मागं राहिलं. असं रान मी पाहिलं नव्हतं. आमच्या रानात सागाची पानं गळतात, उन्हाळ्यात आरपार दिसते. इथं झाडावर झाड, त्या झाडावर शेवाळ, शेवाळावर आणखी कसली तरी रोपं. नेचा माणसाच्या दुप्पट उंच. आणि पाऊस येतो, थांबतो, पुन्हा येतो. लोक त्याच्याकडं पाहतसुद्धा नाहीत, डोकंही झाकत नाहीत.

कॅम्प म्हणजे टिनाच्या छताचं लाकडी घर. संध्याकाळ झाली आणि चहूबाजूंनी "को-की, को-की" सुरू झालं. शिट्टीसारखा आवाज, कानात दडे बसतील एवढा. मला वाटलं पाहुण्यांसाठी कुठंतरी टेप लावली. तसं मी सुजाताला बोललोही. तिनं ते स्वयंपाकी रामोनला सांगितलं. रामोन माझ्याच वयाचा, वाळलेला, दात कमी. तो टॉर्च घेऊन बाहेर गेला, मूठ मिटून आला आणि माझ्या तळहातावर उघडली. अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक! बसल्या बसल्या माझ्या हातावरच त्यानं "को-की" केलं. टेप नव्हती, हे मान्य करावं लागलं.

जेवायला भात आला. भातात हिरवे दाणे. मी एक दाणा उचलून बोटांत दाबला, चाखला, पुन्हा चाखला. ओली तूर! आमच्या वऱ्हाडातली थंडीतली ओली तूर, या समुद्रापलीकडच्या रानात! मी सुजाताला म्हणालो, "यांनी ही तूर आणली कुठून?" ती म्हणाली इथं घरोघरी परसात लावतात, जुन्या काळापासून. मला पटलं नाही. रामोननं मला बाहेर नेऊन झुडूप दाखवलं. तूरच होती. शेंग, पान, फूल, सगळं तेच. फक्त ते तुरीला तिखटाची फोडणी देत नाहीत आणि भातात मांस घालतात. सुजातानं तिच्या बॅगेतून तिखटाची डबी काढली, मी ते घालून खाल्लं. रामोननंही चिमूटभर मागून घेतलं. मग बराच वेळ पाणी प्याला.

या रामोनबद्दल मार्तानं हसत हसत सांगितलं की पोरवयात हाच झाडावर चढून पोपटाची पिल्लं काढायचा आणि खाली गावात विकायचा. रामोननं मान हलवली आणि किती मोठं झाड होतं ते हात पसरून दाखवलं. त्याला लाज ना काही. पिल्लं काढणाऱ्यालाच पोपटांच्या कॅम्पात स्वयंपाकाला ठेवणारी ही बाई कशी, ते मी त्या दिवशी लक्षात ठेवून घेतलं.

दोन दिवस गेले, पोपट काही दिसला नाही. पाटीवर त्याचं चित्र, मगावर त्याचं चित्र, मार्ताच्या शर्टावर त्याचं चित्र. मी सुजाताला बाजूला घेऊन म्हणालो, "पोपट आहेत ना? का नुसत्या चित्रावर दुकान चालू आहे?"

"आहेत बाबा."

"किती?"

"आपल्या गावच्या नदीवरच्या पिंपळावर संध्याकाळी बसतात ना, त्याहून कमी. या अख्ख्या रानात."

मला हसू आलं. "मग राखायचं काय त्यात?"

"म्हणूनच राखायचं." मग तिनं सांगितलं. पूर्वी बेटभर होते. रान तोडून ऊस झाला, कॉफी झाली. पिल्लं लोकांनी पिंजऱ्यात नेली. उरलेल्यांवर काही वर्षांमागं मोठं वादळ आलं. "आणि पिकं खातात म्हणून लोकांनी खूप मारलेही," असं ती म्हणाली, दुसरीकडं पाहत.

"मग काय पिकं खाऊ द्यायची?"

"मी तुम्हाला काही म्हटलं का?"

म्हटलं नव्हतं. पण ऐकू आलं होतं.

झोपडीत

घरट्यापाशी जायचं म्हणून मीच हट्ट धरला. जी जागा राखायला माझी सून बसणार ती पाहिल्याशिवाय मी कसा हो म्हणू? मार्ता तयार नव्हती. सुजातानं तिची बरीच मनधरणी केली तेव्हा म्हणाली, एकदाच, आणि तोंडातून आवाज काढायचा नाही. सुजाता तिला म्हणाली, जबाबदारी माझी. हे मला नंतर कळलं.

पायवाट म्हणजे चिखलाची घसरगुंडी. सुजाता पुढं, मी मागं. मी घसरलो. तिनं हात पुढं केला. सुनेचा हात कसा धरायचा? मी स्वतःच उठलो. पुढं पुन्हा घसरलो, या खेपेला पार बसलोच. ती हात पुढं करून नुसती उभी राहिली. मी धरला.

झोपडी म्हणजे चार काठ्या, वर टिन, भोवती काळं कापड, कापडाला पाहायला फट. आत बसायला एकच फळी, तीही वीतभर रुंद. मी बसलो. ती उभी राहिली.

"बस."

"तुम्ही बसा बाबा."

"उभ्यानं फट दिसते का? बस म्हटलं ना."

ती फळीच्या टोकावर बसली. फळी एवढी लहान की टोकाला बसूनही खांद्याला खांदा लागला. मी समोर पाहत राहिलो. तीही.

समोर लाल सालीचं जुनं, जाडजूड झाड. त्याला वर ढोली. ती ढोली माणसांनी आतून खोल आणि वाकडी करून दिली आहे, कारण पोपटाला अंधार चालतो पण त्याच्या वैऱ्याला चालत नाही. वैरी म्हणजे तिथला एक तपकिरी पक्षी, साळुंकीपेक्षा मोठा, डोळा पांढराफटक. तो ढोलीत शिरून अंडी फोडतो. त्याच्यासाठी मार्ताच्या लोकांनी शेजारच्या झाडावर एक पेटी टांगली होती. आदल्या दिवशी मार्तानं त्याचं कारण सांगितलं होतं, सुजातानं मराठीत करून दिलं होतं, पण मी तेव्हा तूर सोलत होतो आणि अर्धंच ऐकलं.

बराच वेळ काही नाही. मग नर आला. खरं सांगतो, मी त्यात खोट शोधली. आमच्या पोपटासारखी लांब शेपूट नाही, गळ्याला कंठी नाही, अंगानं ठेंगणा आणि भरलेला. पण कपाळावर लाल पट्टा, डोळ्याभोवती पांढरं कडं, जणू चष्मा लावला, आणि पंख उघडले तेव्हा आत निळा रंग. तो गळ्यातल्या गळ्यात काही बोलला. ढोलीतून मादी बाहेर आली. त्यानं आपल्या चोचीतलं तिला भरवलं. ती पुन्हा आत गेली, अंड्यांवर. नवरा कमावून आणते आणि बायकोला भरवते! आमच्या वावरात एवढे पोपट उडवले, हे मी कधी पाहिलं नव्हतं. पाहायला थांबतो कोण, आधी दगड सुटायचा.

तेवढ्यात ढोलीच्या फांदीवर तो तपकिरी, पांढऱ्या डोळ्याचा येऊन बसला.

चोर! मी ठरवून काही केलं नाही. माझ्या आधी माझा गळा उघडला. "हाऽऽ हुर्रर्र हाऽऽ!"

रानात आवाज असा फिरला की मीच दचकलो. मादी ढोलीतून किंचाळत सुटली, नर तिच्यामागं, दोघं झाडांवरून पार गेले. तपकिरीही गेला. मग सगळं चूप. टिनावर थेंब पडत होते तेवढेच.

सुजाता ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, तो आपला होता."

"कोण?"

"तो तपकिरी. ती पेटी त्याचीच आहे. त्याला इथं घर दिलंय म्हणून तो आपल्या जातीच्या दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नाही. आणि ही वाकडी ढोली त्याला आवडत नाही, म्हणून तो तिच्यात जात नाही. तोच तर राखतो."

"मग त्याच्या गळ्यात पाटी बांधायची होती," मी म्हणालो.

ती हसली नाही. "आता हलायचं नाही. आपण बाहेर निघालो तर ती परत येणारच नाही. अंडी गार पडतील."

आणि आम्ही बसलो. मला खोकला आला तर मी टॉवेल तोंडात कोंबला. पायांवर मुंगळे चढल्यासारखं झालं, पाय हलवले नाहीत. पाऊस आला, गेला, पुन्हा आला. ढोली रिकामी. तिच्याकडं पाहून पाहून डोळे दुखले. आयुष्यभर मी पोपट जावा म्हणून बसलो, यावा म्हणून बसण्याची ही पहिलीच वेळ.

एवढ्या वेळात कधीतरी मी दबक्या आवाजात विचारलं, "प्रवीणचं आणि तुझं काही वाजलं का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "म्हणून आलात होय! नाही बाबा. मार्ताला पहिला फोन प्रवीणनंच लावून दिला. मला तर बोलायला भीती वाटत होती."

"मग इथं काहून?"

"तीन वर्षं झाली, मी सतराव्या मजल्यावरून कबुतरं बघते. कोणतं कोणाचं पिल्लू तेही आता ओळखते. एवढं शिकून मी तेच करतेय. आणि तुम्ही माझ्यावर पाळत ठेवायला आलात, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

पेरूच्या बागेचा मालक रोज संध्याकाळी मला फाटकाशी थांबवून माझं धोतर झाडून पाहायचा. मी कधी एक पेरू नेला नाही. तरी रोज. दिवसभर ज्याच्यासाठी घसा फाडला तोच. ते मी तिला सांगितलं नाही, आजही सांगितलेलं नाही. इथं वाचेल तर वाचेल.

मग दुसरा एक तपकिरी आला. हा वेगळा होता, अंगानं बारीक, सरळ ढोलीच्या तोंडाशी जाऊन बसला. मान वाकडी करून आत पाहू लागला. सुजाताची बोटं फळीवर पांढरी पडली. हाकलावं तर आवाज, आवाज केला तर मादी कायमची जाणार. न हाकलावं तर अंडी. ती माझ्याकडं पाहू लागली. मला काय माहीत! मला एकच इलाज येत होता आणि तो मी वापरून बसलो होतो.

इतक्यात बाजूच्या झाडातून पहिला तपकिरी बाणासारखा आला आणि त्याच्यावर पडला. दोघं फांद्यांतून गुरफटत खाली गेले, पिसं उडाली. बारीक पळाला. जाडा आपल्या पेटीवर येऊन बसला, पंख झटकले, आणि चोच फांदीला पुसली. मी त्याच्याशी मनातल्या मनात काय बोललो ते लिहीत नाही.

उजेड उतरायला लागला तेव्हा दूरवर नराचा आवाज आला. मग आणखी जवळ. मादी आली, पण ढोलीत गेली नाही. समोरच्या फांदीवर बसून आमच्या काळ्या कापडाकडं पाहत राहिली. तिलाही संशय. तिचा संशय खरा होता. मी श्वास धरला. नर दोनदा काही बोलला. ती फांदीवरून सरकत सरकत गेली, थांबली, आणि आत शिरली.

सुजातानं माझा हात एवढा घट्ट दाबला की बोटं दुखली. मग तिच्या लक्षात आलं कोणाचा हात आहे, आणि तिनं सोडला.

स्वयंपाकघरात

आम्ही खाली आलो तर मार्ता दारातच उभी. आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला होता. ती फार भरभर बोलली, हसणं कुठच्या कुठं. सुजातानं खाली मान घालून ऐकलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "आय शाउटेड. मी. आय सॉ द बर्ड अँड आय..."

एवढं इंग्रजी मला येते.

मार्ता थंडपणे दोन वाक्यं बोलली आणि खुर्ची ओढून बसली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही बाबा. तुमच्याच विमानानं मीही परत येते. जिला गप्प बसता येत नाही तिला घरट्यावर बसवता येत नाही, म्हणाली. बरोबर आहे तिचं." मग डोळे न उचलता, "तुम्हाला हवं होतं तसंच झालं."

हवं होतं ते खरंच. त्यासाठीच दोन तिकिटं काढून गेलो होतो. माझ्या तोंडून एक शब्द न निघता काम झालं होतं, आणि वर सुनेनं सासऱ्याची इज्जतही राखली होती. गप्प बसलो असतो तर दोघं विमानात, विषय संपला.

मी उठलो. रामोन चुलीशी भात ढवळत होता. मी मार्ताच्या समोर उभा राहिलो, छाती भरून घेतली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्या टिनाच्या घरात पूर्ण गळ्यानं केलं, "हाऽऽ हुर्रर्र हाऽऽ!"

रामोनच्या हातून डाव पडला. बाहेरचे बेडूक बंद.

"हा," मी माझ्या छातीवर बोट ठेवलं. "हा आवाज. हिला सांग सुजाता, ऐकला तो हाच का ते ओळख म्हणावं. तुझ्या गळ्यातून असा निघेल का? सून होऊन आली तेव्हापासून घरात मी तुझा आवाज ऐकला नाही. सांग तिला."

"बाबा, हे मी नाही सांगणार."

"सांग. शब्द गाळू नको."

तिनं सांगितलं. रडत होती की हसत होती मला कळलं नाही. मार्तानं मला विचारलं आणि सुजातानं मराठीत केलं, "हा आवाज कशासाठी असतो?"

"पोपट हाकलायला," मी म्हणालो.

मार्तानं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, म्हातारा उद्याच्या विमानानं जाईल आणि पुन्हा त्या पायवाटेवर पाय ठेवणार नाही. मी म्हणालो, कबूल, आणि सुनेचं तिकीट कॅन्सल करा. माफी मी मागितली नाही. चोरासारखा दिसणारा चोराच्या जागी बसला होता, कोणीही हेच समजलं असतं. रामोननं डाव धुऊन घेतला आणि मला खुणेनं ते पुन्हा करायला सांगितलं. त्याला शिकायचं होतं. मार्तानं त्याला स्पॅनिशमध्ये काही सुनावलं, ते मला न समजताही समजलं.

निघताना

सकाळी सुजाता झोपडीतून आली ती चिखलानं माखलेली. म्हणाली, मादी रात्रभर आत होती, उजाडल्यावर बाहेर येऊन खाऊन परत गेली. अंडी गार पडली की नाही, ते पिल्लं निघाली तरच कळेल. नंतर फोनवर तिनं सांगितलं की तीन निघाली. मी डोळ्यानं पाहिलेली नाहीत, म्हणून मी इथं तीन निघाली असं लिहीत नाही, सून तसं म्हणते एवढंच लिहितो.

मी बॅग घेऊन बाहेर आलो तेव्हा ती पायरीवर बसून बुटांची नाडी बांधत होती. मला पाहून उठली नाही. "थांबा बाबा, एक बूट राहिलाय," म्हणाली. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. जीप येईपर्यंत आम्ही तसेच बसलो. काही बोललो नाही, पण मधात टीव्हीही नव्हता.

विमानतळावर प्रवीण घ्यायला आला होता. त्यानं माझ्या मागं पाहिलं, आणखी मागं पाहिलं, मग घाबरून म्हणाला, "बाबा, सुजाता कुठाय? तुम्ही तिला आणणार होता ना? काय झालं तिथं?"

"जागा ठीक आहे. माणसं ठीक आहेत."

त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून. मग फोनकडं धावला. त्या काळी तिथं भिंतीवर फोन असायचे. तो आकडे दाबत होता तेव्हा मी जाऊन त्याच्या हातावर हात ठेवला.

"आत्ता नको करू," मी म्हणालो. "ती कामावर असेल. रामोन तिला बोलवायला वर जाईल आणि मादी उडेल."